ब्रिसेईसच्या वाट्याच्या चौदा ओळी : एका वाचनप्रकल्पाच्या नोंदी

6 जानेवारी

काम ठरलं. पॅट बार्कर यांची 'द सायलेन्स ऑफ द गर्ल्स' (2018) ही ट्रॉयच्या युद्धातल्या ब्रिसेईस या बंदिवान बाईच्या तोंडून सांगितलेली कादंबरी होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्याशेजारी ठेवून वाचायची आणि वाचनगटाच्या चार बैठकांसाठी टिपण तयार करायचं. कादंबरी सगळे वाचतील. इलियड सगळे वाचणार नाहीत आणि तशी अपेक्षाही नाही. 15,693 ओळींचं काव्य आहे, आणि त्यातला बराच भाग कोणाचा भाला कोणाच्या कुठल्या बरगडीतून आरपार गेला याच्या हिशेबात जातो. म्हणून कादंबरीला लागतील तेवढेच उतारे काढून, साध्या मराठी गद्यात करून, झेरॉक्स वाटायच्या.

पद्धत म्हणजे एक तक्ता, तीन रकान्यांचा. पहिल्यात इलियडमध्ये स्पष्ट सांगितलेलं. दुसऱ्यात इलियडने नुसतं सुचवलेलं. तिसऱ्यात बार्कर यांनी पदरचं घातलेलं. अशा कादंबऱ्यांवर बोलताना आपण "लेखिकेने मुक्या स्त्रीला आवाज दिला" इथवर येतो आणि चहाला उठतो. होमरने तिला मुळात किती दिलं होतं, ते मला ओळ-ओळ मोजून पाहायचं आहे.

संहिता दोन: ई. व्ही. रियू यांचा जुना पेंग्विन गद्यानुवाद (1950) आणि एमिली विल्सन यांचा 2023 चा. ओळींचे क्रमांक मूळ ग्रीकचे.

9 जानेवारी

पार्श्वभूमीचं एक पान लिहून काढलं. त्यात आधीच सांगून टाकलं आहे की इलियडमध्ये लाकडी घोडा नाही आणि ग्रीकांचा मोठा योद्धा अकिलीस मरतही नाही. ग्रीक आणि ट्रॉय यांच्या दहा वर्षांच्या युद्धातले शेवटाकडचे काही आठवडे, एवढाच त्याचा पट. सुरुवात भांडणाने, शेवट ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यसंस्काराने.

भांडण असं. ग्रीक सेनापती अ‍ॅगमेम्नॉनकडे क्रिसेईस नावाची एक बंदिवान मुलगी आहे. तिचा बाप अपोलोचा पुजारी. तो खंडणी घेऊन तिला सोडवायला येतो. अ‍ॅगमेम्नॉन त्याला हाकलून देतो, वर सुनावतो की ती माझ्या घरी, अर्गॉसला, मागावर काम करत आणि माझ्या शेजेवर म्हातारी होईल. अपोलो छावणीवर साथ सोडतो. मुलगी परत करावी लागते, आणि त्याची भरपाई म्हणून अ‍ॅगमेम्नॉन अकिलीसच्या वाट्याची बाई उचलतो. ती ब्रिसेईस. अकिलीस रुसून लढाईतून अंग काढून घेतो आणि पुढचं सगळं रामायण घडतं.

कादंबरीच्या आरंभी फिलिप रॉथच्या 'द ह्यूमन स्टेन'मधला एक उतारा आहे. त्यात एक प्राध्यापक वर्गाला सांगतो की युरोपचं सगळं साहित्य एका भांडणातून सुरू होतं, आणि भांडण कशावरून, तर एका बाईवरून. बार्कर यांनी तो तिथे ठेवला आणि लगेच त्या बाईच्या तोंडून पहिलं प्रकरण सुरू केलं. टोमणा चोख आहे.

13 जानेवारी

पहिलं प्रकरण. लिर्नेसस शहर पडतं. बायका आणि मुलं गडाच्या माथ्यावर, गच्चीवर कोंडलेली. खाली पुरुष कापले जात आहेत आणि त्या ते वरून बघत आहेत. ब्रिसेईसचे भाऊ तिच्या डोळ्यांदेखत पडतात. अकिलीस दिसण्याआधी त्याची आरोळी ऐकू येते. मग सैनिक जिने चढून येतात आणि तिची चुलतबहीण अरियाना तिच्याकडे एकदा पाहून कठड्यावरून उडी घेते. ब्रिसेईस घेत नाही.

आता इलियड. लिर्नेससबद्दल मोजक्याच ओळी आहेत, त्यातल्या माझ्या कामाच्या दोन जागा. दुसऱ्या सर्गात कवी सांगतो की अकिलीसने मोठ्या कष्टाने ते शहर लुटलं आणि तिथून ब्रिसेईसला आणलं. 'कष्ट' त्याचे, हे लक्षात घ्यायचं. दुसरी जागा एकोणिसाव्या सर्गात, ब्रिसेईसच्याच तोंडी: आईबापांनी ज्याच्याशी लग्न लावून दिलं तो नवरा शहरासमोर फाडलेला पाहिला, आणि एका आईचे आम्ही, माझे तिघे भाऊ, तेही त्याच दिवशी गेले. 'पाहिला' आहे म्हणजे ती कुठूनतरी उंचावरून पाहत असणार. बार्कर यांची गच्ची या एका क्रियापदावर उभी आहे. दुसरा रकाना.

नवऱ्याचं नाव कादंबरीत मायनीस. इलियडमध्ये मायनीस हा त्या शहराचा राजा आहे. तोच तिचा नवरा, असं होमर सरळ कुठे म्हणत नाही. हाही दुसरा रकाना. अरियानाची उडी तिसऱ्यात. ही मुलगी पुन्हा येणार असं वाटतंय. मेलेली असली तरी.

20 जानेवारी

आज हिशेब. बाईची किंमत.

नवव्या सर्गात अ‍ॅगमेम्नॉन नमतो आणि अकिलीसला परत बोलावण्यासाठी देणग्यांची यादी वाचून दाखवतो. विस्तव न पाहिलेले तीन पायांचे सात हंडे. दहा टॅलेंट (वजनाचं जुनं माप) सोनं. वीस चकचकीत कढया. शर्यती जिंकणारे बारा घोडे. हातकामात तरबेज अशा लेस्बॉसच्या सात बायका. त्यांच्याबरोबर ब्रिसेईस. तिच्या शेजेला आपण कधी गेलो नाही अशी शपथ वर. ट्रॉय पडल्यावर वीस ट्रोजन बायका आणखी, त्याही अकिलीसने स्वतः निवडायच्या. तीन मुलींपैकी एकीशी लग्न. सात गावं. लग्नाच्या याद्यांना आपणही काही कमी नाही, पण आपल्या याद्यांत निदान नवरी आणि भांडी वेगवेगळ्या पानांवर असतात.

यादी मी जशीच्या तशी मराठीत केली, एकही विशेषण न गाळता. बैठकीत ती नुसती मोठ्याने वाचायची, मध्ये थांबायचं नाही.

तेविसाव्या सर्गात तर सरळ भावच फुटला आहे. अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस याच्या अंत्यविधीनंतरचे खेळ चालू आहेत. कुस्तीत जिंकणाऱ्याला एक मोठा तिपायी हंडा, आणि ग्रीकांच्या अंदाजाने त्याची किंमत बारा बैल. हरणाऱ्याला अनेक कामं येणारी एक बाई. तिची किंमत चार बैल. होमर इथे काहीच बोलत नाही. पंचांनी गुण सांगावेत तसं सांगतो आणि पुढे ओडिसियस आणि अजॅक्स या ग्रीक सरदारांची कुस्ती लावून देतो. त्या बाईला नाव नाही. कुस्तीचा निकाल बरोबरीत लागतो, म्हणजे शेवटी ती कोणाकडे गेली तेही कळत नाही.

हे सगळं काव्यातलं असं कोणी म्हणेल म्हणून एक पान पुरातत्त्वाचं जोडलं. ग्रीसच्या नैर्ऋत्येला पायलॉसचा राजवाडा आहे. इसवी सनापूर्वी 1200 च्या सुमारास तो जळाला, आणि त्या आगीतच तिथल्या कच्च्या मातीच्या पाट्या भाजून टिकल्या. कार्ल ब्लेगेनला त्या 1939 मध्ये सापडल्या. लिपी मायकेल व्हेंट्रिसने 1952 मध्ये उलगडली. सगळ्यांना वाटलं होतं वीरकाव्य निघेल. निघाली कोठारघराची खातेवही. त्यात बायकांच्या टोळ्यांची नोंद आहे: इतक्या बायका, इतक्या मुली, इतके मुलगे, त्यांना इतका गहू आणि इतके अंजीर. टोळ्यांची ओळख कामावरून, जसं दळणाऱ्या किंवा सूत कातणाऱ्या, नाहीतर गावावरून: मिलेटसच्या, निडॉसच्या, लेम्नॉसच्या. ही सगळी गावं समुद्रापलीकडची, आशियाच्या किनाऱ्याची किंवा त्या वाटेवरची. त्या तिथे कशा पोचल्या याबद्दल पाट्या गप्प आहेत, पण काहींच्या पुढे 'पकडून आणलेल्या' असा शेरा आहे.

कादंबरीतले मागांचे लांबलचक गोठे, तिथला खडखडाट आणि तिथे दिवसभर उभ्या असलेल्या बायका आता मला तिसऱ्या रकान्यात टाकवत नाहीत. इलियडबाहेरून आलेलं, पण कल्पनेतून न आलेलं, असा चौथा रकाना काढावा लागला.

24 जानेवारी

छावणीतल्या बायकांची नावं तपासली. म्हातारा ग्रीक सरदार नेस्टर याची हेकामेडी: इलियडमध्ये आहे, अकराव्या सर्गात, जखमींसाठी मद्यात चीज किसून घालते. पॅट्रोक्लसची इफिस: आहे, नवव्यात, एका ओळीपुरती. अजॅक्सची टेकमेसा इलियडमध्ये नाही, ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या नाटकातली. रिट्सा मात्र बार्कर यांनी पदरची घातलेली.

2 फेब्रुवारी

पहिली बैठक. यादी वाचली. कोणीही हसलं नाही, तेव्हा वाचन बरं झालं असावं.

वाद भाषेवर झाला. बार्कर यांचे ग्रीक सैनिक आजच्या इंग्रज शिपायांसारखे बोलतात, शिव्या घालतात, जेवणावळीत रग्बीच्या मैदानावरची गाणी म्हणतात. आमच्यातल्या बँकेतून निवृत्त झालेल्या काकांना ते अजिबात रुचलं नाही. "महाकाव्याचं काही गांभीर्य आहे की नाही? कर्णाने अर्जुनाला 'काय रे भावा' म्हटलेलं चालेल का तुम्हाला?" एमए करणारी मुलगी म्हणाली, "काका, कर्ण काय बोलला ते संस्कृतात आहे म्हणून भारी वाटतं. छावणीत दहा वर्षं बसलेली पोरं अशीच बोलत असणार."

मी बार्कर यांची पार्श्वभूमी सांगितली. जन्म 1943, ईशान्य इंग्लंडमधलं थॉर्नबी. पहिल्या महायुद्धावरच्या त्यांच्या कादंबरीत्रयीतल्या शेवटच्या 'द घोस्ट रोड'ला 1995 चा बुकर मिळाला. खंदकातून मनाने मोडून आलेले सैनिक, त्यांना बरं करून पुन्हा खंदकात पाठवणारा डॉक्टर, हा त्यांचा जुना विषय. म्हणजे ट्रॉयच्या किनाऱ्यावर त्या पोचल्या त्या फ्रान्समधल्या चिखलातून. छावणीतला उपचारांचा तंबू, तिथली दुर्गंधी, जखमा धुणं, औषधं कुटणं हे सगळं त्यांच्या हातात बसलेलं आहे, आणि कादंबरीतली ती पानं सगळ्यांत ठाम आहेत.

माझं मत काकांच्या आणि त्या मुलीच्या मधोमध. शिपायांची बोली मला चालते. पण अकिलीस आणि पॅट्रोक्लस एकांतात बोलतात तेव्हाही तीच बोली येते आणि प्रसंग पातळ होतो.

इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाई शेवटपर्यंत गप्प होत्या. निघताना म्हणाल्या, "ही राणी होती ना? मग हिच्याकडेही दासी असतील. त्यांच्या बाजूने कोण लिहिणार?" टिपणात हा प्रश्न तसाच घातला आहे.

8 फेब्रुवारी

साथीची प्रकरणं. इलियडमध्ये अपोलो नऊ दिवस बाण सोडतो. आधी खेचरं आणि कुत्री मरतात, मग माणसं. पुजारी त्याला 'स्मिंथियस' म्हणून हाक मारतो. हे बिरुद प्राचीन भाष्यकारांनी उंदरांशी जोडलेलं आहे. बार्कर यांनी तो धागा उचलला आणि छावणी उंदरांनी भरून टाकली. कचऱ्याचे ढीग, पायाखाली येणारे मेलेले उंदीर, आणि ब्रिसेईस त्याच उंदरांच्या देवाची मनोमन प्रार्थना करते: सूड घे. पुजाऱ्याची प्रार्थना होमरने दिली आहे. तिची नाही.

ती मागते आहे सगळ्या छावणीचा मृत्यू, म्हणजे तिच्याशी चांगलं वागणाऱ्या पॅट्रोक्लसचाही. हे बार्कर झाकून ठेवत नाहीत, त्यामुळे ती बिचारी वाटत नाही. मला पुस्तकाचा हा गुण मोठा वाटतो. बंदिवान बाई म्हणजे सोशीक, असा जो साचा आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनी आपल्या गळी उतरवलाय तो इथे नाही.

15 फेब्रुवारी

एकोणिसावा सर्ग, ओळी 287 ते 300. पूर्ण इलियडमध्ये ब्रिसेईस इथेच बोलते. चौदा ओळी.

त्याआधी तिच्याबद्दल जे आहे ते इतरांच्या तोंडून. पहिल्या सर्गात भालदार तिला न्यायला येतात तेव्हा ती मनाविरुद्ध गेली, एवढंच कवी सांगतो. नवव्यात अकिलीस म्हणतो, भाल्याच्या बळावर मिळवलेली असली तरी मी तिच्यावर मनापासून प्रेम करत होतो. हे वाक्य रसिकांना फार प्रिय. पण एकोणिसाव्यात, समेट होताना, हाच अकिलीस भर सभेत म्हणतो की लिर्नेसस लुटलं त्याच दिवशी आर्टेमिस देवीने बाण मारून तिला जहाजावरच संपवलं असतं तर बरं झालं असतं, इतके ग्रीक मेले नसते. दोन्ही उतारे एकाच पानावर छापून घेतले, वर-खाली.

आता तिची पाळी. भेटवस्तूंबरोबर तिला परत आणतात. समोर पॅट्रोक्लसचं प्रेत. ती त्याच्यावर कोसळते, छाती, गळा, चेहरा ओरबाडते आणि बोलते. तुला जिवंत सोडून मी या तंबूतून गेले, परत आले तर तू मेलेला. माझ्यामागे दुःखावर दुःख लागलंय. मग नवरा, तीन भाऊ, शहर. तू मला तेव्हा रडूही देत नव्हतास. म्हणायचास की तुला अकिलीसची लग्नाची बायको करीन, त्याच्या देशी, फ्थियाला, नेऊन वऱ्हाड जेवू घालीन. म्हणून तू गेलास त्याचं मला रडू आवरत नाही, तू नेहमी मायेने वागलास.

ज्याने नवरा मारला त्याचीच लग्नाची बायको होणं, ही त्या जगात तिला दिसलेली सगळ्यांत मोठी आशा. होमर यावर भाष्य करत नाही. बार्कर करतात, आणि तिथे मला कादंबरी थोडी बोलकी वाटते. होमरने तुमच्यापुढे ते नुसतं ठेवलेलं आहे, आणि ते ऐकून अंगावर काटा येतो.

पण माझ्या कामाच्या ओळी त्यापुढच्या, 301 आणि 302. ती रडत होती आणि सोबतच्या बायकाही रडल्या, निमित्त पॅट्रोक्लसचं, पण प्रत्येक जण आपापल्या दुःखाला.

इथे आमच्या गटाला काही समजावून सांगावं लागणार नाही. जात्यावरच्या सीतेच्या ओव्या सगळ्यांनी ऐकलेल्या किंवा निदान वाचलेल्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून अशा ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. त्यातली सीता वनवासाला निघते तेव्हा दळणाऱ्या बाईचा कंठ दाटतो तो अयोध्येसाठी नव्हे. सासरी कोणासमोर रडायची सोय नव्हती. सीतेच्या नावाने रडलं तर कोणी अडवत नव्हतं. ग्रीक छावणीतल्या बायकांनाही मालकाच्या मित्रासाठी रडायची मुभा होती. स्वतःच्या मारलेल्या नवऱ्यांसाठी ती मिळाली असती का?

म्हणजे अख्ख्या कादंबरीचं बी या दोन ओळींत आहे. बार्कर यांनी होमरला खोटं पाडलेलं नाही. होमर जिथे "प्रत्येक जण आपापल्या" म्हणून पुढे निघून गेला, तिथे त्या थांबल्या आणि एकेकीला विचारत बसल्या.

आणखी एक, झोपण्यापूर्वी दिसलं. थोड्याच ओळींनंतर अकिलीस विलाप करतो, आणि भोवतीचे म्हातारे सरदारही उसासतात, प्रत्येक जण आपण घरी काय सोडून आलो ते आठवून (338-339). तीच रचना, आता पुरुषांसाठी. फरक इतकाच की त्यांनी सोडलेलं अजून घरी आहे.

22 फेब्रुवारी

दुसऱ्या भागापासून कादंबरी मध्येमध्ये ब्रिसेईसला सोडून अकिलीसकडे जाते. तिची प्रकरणं 'मी'ची, भूतकाळातली. त्याची तृतीयपुरुषी, चालू वर्तमानकाळातली. पहाटे समुद्रात शिरणारा अकिलीस, त्याची समुद्रदेवता आई थेटिस, ती लहानपणी सोडून गेल्याची न भरलेली जखम. हेक्टरने पॅट्रोक्लसला मारल्यावर त्या हेक्टरला ठार करून त्याचं प्रेत रथामागे फरफटत नेणं. लिहिलंय फार चांगलं, आणि तेच दुखणं आहे. जिच्यासाठी पुस्तक लिहिलं तिलाच पन्नास-पन्नास पानं बाजूला बसवून ठेवायचं?

उलट बाजूही लिहून ठेवतो. ब्रिसेईस जिथे नाही तिथल्या गोष्टी तिच्या तोंडून सांगायच्या तर दाराआड ऐकलं, भिंतीच्या फटीतून पाहिलं, अशा युक्त्या कराव्या लागल्या असत्या. शिवाय बंदिवान माणसाला मालकाचं मन वाचता यावंच लागतं, त्यावर तिचा जीव अवलंबून. मालकाला तिचं वाचायची गरज नाही. अकिलीसची प्रकरणं म्हणजे तिने केलेलं हे वाचनच, असं मानता येतं. एमएच्या मुलीने हे मांडलं, आणि मांडणी हुशार आहे. मला मात्र पुस्तकात त्याला आधार सापडत नाही. तिथे अकिलीस स्वतःच्या बळावर पान व्यापतो, जसा इलियडमध्ये व्यापतो.

पॅट्रोक्लसचा एक क्षण वेगळा नोंदवायचा. ती त्याला विचारते, तू माझ्याशी इतका चांगला का वागतोस? तो सांगतो की सगळं गमावून अकिलीसला खेळणं म्हणून दिलं जाणं काय असतं ते मला माहीत आहे. हे हवेतून आलेलं नाही. तेविसाव्या सर्गात पॅट्रोक्लसचं भूत सांगतं की लहानपणी सोंगट्यांच्या भांडणात त्याच्या हातून एक मुलगा मेला, म्हणून बापाने त्याला अकिलीसचा बाप पेलियस याच्या घरी आणून सोडलं. बार्कर यांनी तो परागंदा मुलगा आणि ही लुटून आणलेली बाई एका बाकावर बसवले.

2 मार्च

तिसरी बैठक, चोविसावा सर्ग. ट्रॉयचा म्हातारा राजा, हेक्टरचा बाप प्रायम रात्री एकटा शत्रूच्या तंबूत येतो, अकिलीसचे गुडघे धरतो, आणि ज्या हातांनी त्याची अनेक मुलं मारली त्या हातांचं चुंबन घेतो. म्हणतो, या पृथ्वीवर कोणी सोसलं नाही ते मी सोसलंय. माझ्या मुलाला मारणाऱ्याच्या हाताला ओठ लावलेत. मग दोघे रडतात, एक हेक्टरसाठी, दुसरा बापासाठी आणि पॅट्रोक्लससाठी. पाश्चात्त्य काव्यातला हा कळस मानतात, आणि मराठीत वाचून दाखवतानाही आवाज सांभाळावा लागला.

कादंबरीत ब्रिसेईस तिथेच आहे, तंबूत. प्रायमचं वाक्य तिच्या कानावर पडतं आणि तिच्या मनात उत्तर उमटतं: जे असंख्य बायकांना करावं लागलं तेच मी रोज करते, माझ्या नवऱ्याला आणि भावांना मारणाऱ्याखाली निजते.

खोलीत जरा वेळ कोणी बोललं नाही. मग काका म्हणाले, "हे त्या म्हाताऱ्यावर अन्याय करणारं आहे. तो खरं बोलतोय." बाई म्हणाल्या, "तो खरंच बोलतोय हो. 'कोणी' म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढे पुरुष आहेत, एवढंच." काका म्हणाले की मग लेखिकेला प्रायमची कीव नाही. बाईंनी पान उघडून दाखवलं: ब्रिसेईस त्याला लहानपणापासून ओळखते, त्याच्याविषयी तिला माया आहे, आणि त्या रात्री ती त्याच्याच गाडीत लपून पळून जायला निघते. काकांनी ते पान दोनदा वाचलं. मत बदललं नाही, पण पुढे म्हणाले, "गाडीतून उतरते का मग ती?"

उतरते. ट्रॉय पडणार हे तिला दिसतंय. तिथे गेलं तर दुसऱ्यांदा तेच भोगायचं.

इलियडमध्ये या रात्रीचा शेवट असा: प्रायम ओट्यावर निजला, अकिलीस आत, आणि त्याच्या शेजारी ब्रिसेईस (675-676). होमरमध्ये ती शेवटची दिसते ती इथे.

9 मार्च

आधीच्या पुनर्कथनांवर अर्धं पान, कारण हे सगळं आजच्या स्त्रीवादाचं खूळ, असं कोणीतरी म्हणणारच. रोमन कवी ओव्हिडने दोन हजार वर्षांपूर्वी ब्रिसेईसच्या नावाने अकिलीसला पत्र लिहिलं. ती सुरुवातीलाच सांगते की परदेशी हाताने लिहिलेलं हे ग्रीक आहे आणि जे डाग दिसतील ते अश्रूंचे. सुंदर पत्र, पण त्यातली ब्रिसेईस अकिलीसने आपल्याला परत का मागितलं नाही म्हणून रुसलेली प्रेयसी आहे. लुटलेली बाई प्रियकरावर रुसते, हे रोमन दिवाणखान्याला सोयीचं.

पॉम्पेईतल्या एका घरातलं भित्तिचित्र आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पॅट्रोक्लस तिला मनगट धरून पुढे आणतोय, अकिलीस बसलेला, भालदार वाट पाहत उभे. रंगीत प्रिंट काढून घ्यायची.

16 मार्च

शेवटची बैठक. पॉलिझेना. ट्रॉय पडल्यावर प्रायमच्या या धाकट्या मुलीला अकिलीसच्या थडग्यावर बळी देतात. ही कथा इलियडमध्ये नाही. ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या 'हेक्युबा'त आहे, आणि तिथे ती ताठ मानेने, मला कोणी धरू नका म्हणत मरते, सैन्य तिच्या धैर्याने भारावतं. बार्कर यांच्या पानावर पंधरा वर्षांची मुलगी आहे. गुलाम म्हणून जगण्यापेक्षा मेलेलं बरं, असं तीही म्हणते. पण थडग्यावर ती बोलू लागते तेव्हा तिच्या तोंडात बोळा कोंबतात. नंतर ब्रिसेईस परत जाऊन त्या प्रेताच्या तोंडातला बोळा काढते. आणि तिथे अरियाना परत येते, जशी मला शंका होती. उडी मारणारी, बळी जाणारी, आणि पोटात अकिलीसचं मूल घेऊन अल्किमस या भल्या सरदाराशी लावून दिलेली ब्रिसेईस. तिघींमध्ये निवड कोणाची बरोबर, हे ठरवायला ब्रिसेईस नकार देते.

अगदी शेवटी ती म्हणते की अकिलीसच्या गोष्टीतून बाहेर पडायचा प्रयत्न एकदा फसला होता, आता स्वतःची गोष्ट सुरू होईल. बाईंना हे पटलं नाही. "दुसऱ्याच दिवशी तिला अल्किमसच्या जहाजावर चढायचंय. कसली स्वतःची गोष्ट?" मी बाईंच्या बाजूने. पुढचे दोन भाग आहेत (2021 आणि 2024), त्यांनी याचं काय केलं ते ज्याचं त्याने पाहावं. प्रकल्पात ते नाहीत.

त्याऐवजी पुढचं काम ठरलं: युरिपिडीसच्या 'ट्रोजन विमेन'चं अभिवाचन. इसवी सनापूर्वी 415 चं नाटक. आदल्याच वर्षी अथेन्सने मेलॉस बेट जिंकून तिथले पुरुष मारले होते आणि बायका-मुलं विकली होती. त्यानंतर काही महिन्यांत याने हे नाटक त्याच अथेन्सकरांपुढे उभं केलं. त्यात टॅल्थिबियस हा भालदार आहे, ब्रिसेईसला न्यायला आला होता त्या दोघांतलाच एक. इथे तो हेक्टरच्या तान्ह्या मुलाला तटावरून फेकायचा हुकूम घेऊन येतो, आणि नंतर ते कलेवर स्वतःच नदीत धुऊन आणून देतो. हे काम काकांनी मागून घेतलं, आणि "मला हुकूम पोचवायची चाळीस वर्षांची सवय आहे" असंही वर म्हणाले. हेक्युबाची, म्हणजे प्रायमच्या राणीची, भूमिका बाई करणार, ते कोणी विचारायच्या आधीच त्यांनी जाहीर केलं. एमएची मुलगी कसांड्रा, म्हणजे प्रायमची मुलगी. मराठी संहिता मी करायची, एप्रिलअखेर पहिला खर्डा. कोरसला बायका कमी पडताहेत. शेजारच्या भजनी मंडळात विचारून पाहायचं ठरलं आहे.